सगळ्यांना मिरज

तेराव्या माणसालाही संगणकानं मिरजेला जायला सांगितलं, तेव्हा चौगुले सर माझ्या कानाशी वाकून म्हणाले, "आपल्या तालुक्याचं आरोग्य इतकं खालावलंय याची मला कल्पना नव्हती."

"हो सर," मी म्हटलं.

"पाण्यामुळे असेल."

"असेल सर."

चौदावा माणूस स्टुलावर बसला. पैलवान होता. स्टूल कुरकुरलं.

"नाव?"

"हिंदुराव."

मी टाइप केलं. पडद्यावर हिरव्या अक्षरांत पुढचा प्रश्न आला, तो मी मोठ्यानं वाचला. "ताप येतो का?"

"न्हाई."

"खोकला?"

"न्हाई."

"चालताना दम लागतो का?"

"रोज हजार बैठका मारतो मी."

"म्हणजे नाही."

"म्हंजे न्हाईच की."

छातीत दुखत नव्हतं. डाव्या हातात कळ उतरत नव्हती. शेवटचा प्रश्न होता, किती महिन्यांपासून?

"काय किती महिन्यापास्नं?" पैलवानानं विचारलं.

"हे सगळं जे होत नाही, ते."

त्यानं थोडा विचार केला. "जल्मापास्नं."

मी शून्य टाइप केलं. पडदा क्षणभर कोरा झाला आणि मग रोमन अक्षरांतल्या मराठीत ओळ उमटली: ताबडतोब मिरजेला जा, हृदय तपासून घ्या.

पैलवान बराच वेळ त्या ओळीकडं बघत राहिला. मग उठला, खाली स्वतःच्या छातीकडं बघितलं. "तरीच," म्हणाला, आणि बायकोला हुडकायला गेला.

एक्क्याण्णव सालचा जानेवारी होता. आमच्या हायस्कुलात तालुक्याचं विज्ञान प्रदर्शन भरलं होतं. मी अकरावीत होते. त्या वर्षी सहा शाळांनी ज्वालामुखी आणले होते आणि ते सगळे एकाच वर्गात ठेवल्यामुळं तिथं सोडा-व्हिनेगरच्या वासानं कुणाला थांबवत नव्हतं. आमच्या शाळेकडं मात्र संगणक होता. कुठल्या तरी योजनेतून दोन वर्षांपूर्वी तो आला होता. चौगुले सरांच्या बायकोनं खिडकीच्या पडद्याच्या उरलेल्या कापडातून त्याला झालरीची खोळ शिवली होती. सोबत आलेल्या पुस्तकातून सर आधी स्वतः शिकायचे, मग आम्हाला शिकवायचे. सर पान एकतीसपर्यंत पोचले होते. एकतिसाव्या पानावर 'इफ' आणि 'देन' होतं, म्हणजे जर आणि तर. त्यामुळं आमच्या शाळेचं सगळं संगणकज्ञान जर-तरपाशी येऊन थांबलं होतं.

भाषेचं नाव बेसिक. त्यात प्रत्येक ओळीला नंबर असायचा, दहा, वीस, तीस. यंत्र वरून खाली एकेक ओळ पाळत जायचं. 'इनपुट' असं लिहिलं की ते प्रश्नचिन्ह दाखवून थांबायचं. तुम्ही उत्तर देईपर्यंत थांबायचं. जेवून आलात तरी थांबलेलंच असायचं. 'गोटू' लिहिलं की मधल्या ओळी सोडून सांगितलेल्या नंबरावर उडी मारायचं.

एवढ्यावर मी 'संगणक डॉक्टर' बनवला होता. आरोग्य केंद्राच्या भिंतीवर हृदयविकाराची लक्षणं लिहिलेला तक्ता होता, तो उतरवून घेतला. सहा प्रश्न. दम, छाती आणि डावा हात, तिन्हीला हो असेल तर नऊशे नंबरच्या ओळीवर जा, म्हणजे मिरजेच्या मोठ्या दवाखान्यात. ताप असेल तर आरोग्य केंद्रात. काहीच नसेल तर 'आपली प्रकृती ठणठणीत आहे'. प्रोग्रॅम बरोबर होता. आठवडाभर बरोबर होता. शुक्रवारी संध्याकाळी पावणेपाचला मी त्यात दोन ओळी वाढवल्या, आणि त्या माझ्या वडलांसाठी होत्या.

आबांचा बँड होता. रंगराव वायदंडे ब्रास बँड. चौदा माणसं, लाल कोट, त्यावर पिवळी झालर. आबा क्लॅरोनेट वाजवायचे. पंचक्रोशीत त्यांना मास्तर म्हणायचे, आणि खऱ्या मास्तरांना नुसतं गुरुजी. आठ दिवसांपूर्वी वाळव्याच्या एका वरातीत ते मध्येच रस्त्याकडंच्या दगडावर बसले होते. बुटाची नाडी सुटली म्हणाले. त्यांच्या पायात चपला होत्या.

ही बातमी पांडबानं घरी आणली. पांडबा म्हणजे पांडुरंग आवळे, बँडातला मोठा ड्रम वाजवणारा, आबांपेक्षा बारा वर्षांनी लहान आणि त्यांच्या दीडपट रुंद.

"अवो, जावा की एकदा डॉक्टरकडं," आई म्हणाली.

"डॉक्टर काय म्हणल मला ठावं हाय. फुंकू नका म्हणल."

"मग नका फुंकू."

"मग काय करू?"

आई भाकरी थापत होती. तिनं तव्यावरची उलटली. 

पण आबांचा एका गोष्टीवर विश्वास होता, तो म्हणजे आमच्या शाळेतला संगणक. एकदा मला न्यायला आले होते तेव्हा दारातनंच त्यांनी तो बघितला होता. घरी येताना म्हणाले, "त्ये खोटं बोलत नसणार. त्याला पोटच न्हाई, खोटं कशापायी बोलंल?"

म्हणून त्या दोन ओळी. ओळ दोनशे: जर नाव रंगराव असेल, तर लिही, 'नमस्कार मास्तर'. ओळ दोनशे दहा: नऊशेवर जा. आबा सगळ्याच प्रश्नांना नाही म्हणणार हे मला माहीत होतं. यंत्रानं तरीही त्यांना मिरजेलाच पाठवायचं होतं. मी नाव रंगराव टाकून तपासलं. मिरज. पुन्हा तपासलं. मिरज. अकरा वेळा तपासलं आणि अकराही वेळा बरोबर आलं. दुसरं कुठलंच नाव घालून बघितलं नाही. मला बाकी कुणाशी घेणंदेणं नव्हतं. तेवढ्यात सरांनी कुलूप वाजवलं.

चूक मला शनिवारी चौथ्या माणसाच्या वेळी कळली. जर-तरची अट फक्त दोनशेव्या ओळीला होती. दोनशे दहाला कसलीच अट नव्हती. नमस्कार एकट्या आबांसाठी होता, मिरज सगळ्यांसाठी.

मला तेव्हा काय वाटलं, असं ही गोष्ट ऐकून कुणी ना कुणी विचारतंच. काही वाटलं नाही. बोटं चालत होती. पाचवा माणूस आला, नाव विचारलं, टाइप केलं. दुरुस्ती करायची तर यंत्र थांबवून सगळ्या ओळी पडद्यावर आणाव्या लागणार होत्या, आणि सर माझ्या खांद्यामागंच उभे होते. मी दोनदा म्हटलं, "सर, जरा एक ओळ बघू का?"

"चालतंय ना?"

"चालतंय, पण..."

"मग चालत्या यंत्राला हात लावायचा नाही. पान सातवर दिलंय."

अकरा वाजेपर्यंत रांग मैदानातल्या झेंड्यापर्यंत गेली. प्रदर्शनाचं उद्घाटन करायला आलेले डॉक्टर मगदूम हौसेनं स्टुलावर बसले. सगळ्याला नाही म्हणाले, मजेत, मागं वळून लोकांकडं बघत. यंत्रानं त्यांनाही मिरजेला जायला सांगितलं. डॉक्टर मोठ्यानं हसले. मग कोपऱ्यात जाऊन त्यांनी घड्याळात बघत स्वतःची नाडी धरली. पुन्हा एकदा धरली. जेवायला न थांबता गेले.

त्यानंतर लोकांनी शंका घेणंच सोडलं. फाटकाबाहेर वडापची जीप उभी राहिली आणि तिचा ड्रायव्हर ओरडू लागला, "चला, संगणकवाले मिरज! संगणकवाले मिरज!" एक म्हातारा दारात म्हैस घेऊन आला.

"जनावराचं बघतंय का?"

"नाही आजोबा."

"लांबनं आणलीया. बग की जरा. चंद्री नाव."

सर म्हणाले, "घाल गं. लांबून आलेत."

"चालताना दम लागतो का?"

"लागतो तिला."

"छातीत दुखतं का?"

म्हातारा म्हशीकडं बघत राहिला. "ती कशाला सांगंल?"

मिरज आली. म्हाताऱ्यानं दोरी हातात घेतली, जीपकडं एकदा बघितलं, म्हशीकडं एकदा बघितलं आणि चालत निघाला.

आबांचा बँड बक्षीस समारंभाला वाजवणार होता, चार वाजता. आबा तीनला येणार होते. म्हशीला मिरजेला पाठवणाऱ्या यंत्राचं ते ऐकतील असं मला वाटत नव्हतं. दोनला दहा मिनिटं कमी असताना लाइट गेली.

लाइट नेहमीच जायची, पण त्या दिवशी तिचं जाणं माझ्या उपयोगाचं होतं. लोक पांगले. सर फ्यूज बघायला गेले. लाइट परत आल्यावर फ्लॉपीवरून प्रोग्रॅम पुन्हा भरावा लागला, आणि तेवढ्यात मी दोनशे दहा पुसून नऊशेची उडी दोनशेच्याच ओळीत, अटीच्या पोटात घातली. वीस सेकंदं लागली. सकाळपासून एकोणचाळीस माणसं आणि एक म्हैस गेली होती.

मग नवीच पंचाईत झाली. स्टुलावर बसलेल्या पहिल्याच बाईला यंत्रानं सांगितलं, आपली प्रकृती ठणठणीत आहे.

"म्हंजे?" बाई म्हणाली.

"तुम्हाला काही झालेलं नाही."

"असं कसं? माझ्या जावंला मिरज सांगितलंय."

"त्यांना असेल काहीतरी."

"तिला? तिला काय हाय? घरातलं सगळं मी बघती. पुन्हा इचार त्याला."

पुन्हा विचारलं. ठणठणीत. बाई फणकारून उठली. तिच्या मागच्यालाही ठणठणीत, त्याच्या मागच्यालाही. रांगेत कुजबुज सुरू झाली. एकजण म्हणाला, लाइट गेल्यापास्नं यंत्र अशक्त झालंय. दुसरा म्हणाला, सकाळी वळखीवाल्यांचं करून घेतलं असणार. ओळीनं सतरा माणसं ठणठणीत निघाली आणि सतराही नाराज होऊन गेली. फाटकाबाहेरची जीप रिकामीच निघून गेली.

त्या वेळी आबा आले. लाल कोट, डोक्यावर तुरा, काखेत क्लॅरोनेटची पेटी. मागं पांडबा, गळ्यात ड्रम. दारातून ड्रम आत येईना म्हणून पांडबा तिरका होऊन आत आला.

"मास्तर आलं, जागा द्या," कुणीतरी म्हणालं.

आबा स्टुलावर बसले. पेटी मांडीवर ठेवली. मी आणि ते इतके समोरासमोर घरी कधी बसत नव्हतो.

"काय इचारतंय ह्ये?"

"आधी नाव."

आबांनी मागं बघितलं. वर्गात साठेक माणसं होती. लग्नसराई तोंडावर आली होती, आणि त्यातल्या निम्म्यांच्या घरी कार्यं होती.

"पांडबाचं घाल," आबा म्हणाले.

"माझं?" पांडबा म्हणाला.

"तुजंच. बघू काय म्हणतंय."

दोनशेवी ओळ रंगराव या नावाची वाट बघत बसली होती. मी पांडुरंग टाइप केलं.

"ताप येतो का?"

पांडबा तोंड उघडणार तोवर आबा म्हणाले, "न्हाई येत त्याला."

"खोकला?"

"न्हाई."

"चालताना दम लागतो का?"

 पडद्यावरचं प्रश्नचिन्ह लुकलुकत होतं. त्याला घाई नव्हती. आबा त्याच्याकडंच बघत होते, माझ्याकडं नाही.

"लागतो," ते म्हणाले.

मी हो टाइप केलं.

"छातीत दुखतं का?"

"दुखतंय. चढ आला की दुखतंय. वरचा सूर धरला की," आबा थांबले, "ड्रम जोरात वाजवला की."

पांडबानं ड्रमवरचा हात काढून छातीवर ठेवला.

"डाव्या हातात कळ उतरते का?"

"हितपर्यंत." आबांनी करंगळी दाखवली. स्वतःची.

"किती महिन्यांपासून?"

"आठ."

मी आठ टाइप केलं. आठ महिन्यांपूर्वी मे होता. मे महिन्यात त्यांनी एकवीस लग्नं वाजवली होती. पडदा कोरा झाला. मग ओळ आली. मी ती वाचली नाही, आबांना तेवढं रोमन वाचता येत होतं.

 सतरा ठणठणीतांनंतर आलेली मिरज होती ती. मग सगळे पांडबाकडं वळले. कुणीतरी त्याच्या गळ्यातला ड्रम उतरवला. कुणी खुर्ची आणली. सरांनी स्वतःचा चहा त्याच्या हातात दिला. पांडबाच्या कपाळावर खरोखरचा घाम आला होता.

"सोमवारी मी घिऊन जातो त्याला," आबा म्हणाले आणि उठले. चार वाजता त्यांनी बक्षीस समारंभात वाजवलं. ड्रमला त्या दिवशी दुसराच कोणतरी होता. पहिलं बक्षीस एका ज्वालामुखीला मिळालं.

रविवारी अर्धं गाव पांडबाला बघून आलं. त्याच्या बायकोनं, तानीनं, रडून घर डोक्यावर घेतलं. आई डबा घेऊन गेली. मी गेले तेव्हा पांडबा वाकळ पांघरून पडला होता आणि उशाशी केळ्यांचे चार घड होते.

"वैजू," तो बारीक आवाजात म्हणाला, "मला कायबी कळलं न्हाई बग. मास्तरांस्नी मात्र सगळं ठावं. आठ महिनं ध्यान ठिवून हुतं माझ्यावर."

मी तिथं बसून एक केळं खाल्लं. 

सोमवारी सकाळच्या जीपनं आम्ही तिघं मिरजेला गेलो. मला कागद वाचायला घेतलं होतं. जीपमध्ये पांडबा खिडकीशी, कारण तो आजारी. आबा मध्ये. कोट नव्हता, पांढरा सदरा होता.  सांगलीच्या पुढं पांडबा म्हणाला, "मास्तर, माझ्या मागं तानीकडं बघा." आबा म्हणाले, "गप बस."

दवाखान्यात खिडकीवरच्या बाईनं पेशंटचं नाव विचारलं. मी आबांकडं बघितलं. ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते.

"पांडुरंग आवळे," मी सांगितलं.

"वय?"

"चौतीस."

बाकावर दोन तास गेले. मग आतून नाव पुकारलं गेलं, "पांडुरंग आवळे!" आणि दोघंही उभे राहिले.

पांडबा आबांकडं बघत होता. आबांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. मग दुसरं. मग ते आत गेले.

पांडबा उभाच होता. थोड्या वेळानं तो माझ्या शेजारी बसला. बाक हलला.

"म्हंजे मला काय न्हाई?"

"नाही."

"अगदी कायच न्हाई?"

"ठणठणीत आहेस तू पांडबाकाका."

त्यानं श्वास घेऊन बघितला. "दोन दिस खरंच दुखत हुतं गं," म्हणाला. मग जमिनीकडं बघून, "तानीला काय सांगायचं?"

आतून नर्स आली आणि पेशंटबरोबर कोण आहे म्हणून विचारलं. पांडबाला स्वतःबरोबर येता येईना. मी गेले.

आबा पलंगाच्या कडेला बसले होते. सदरा उघडा. छातीवर यंत्राच्या वाट्यांचे गोल वळ उठले होते. डॉक्टर तरुण होते, त्यांच्या हातात आलेखाची लांब पट्टी होती आणि ती ते मागंपुढं करत होते.

"पांडुरंग," ते म्हणाले, "चौतिसाव्या वर्षी असा आलेख बघितला नव्हता मी. वेळेवर आलात. गोळ्या देतो, त्या चुकवायच्या नाहीत. पंधरा दिवसांनी पुन्हा यायचं. काय काम करता?"

"बँडात असतो."

"काय वाजवता?"

मी दाराशी होते. आबांचे पाय जमिनीला टेकत नव्हते, पलंग उंच होता.

"ड्रम," आबा म्हणाले. "मोठा."

डॉक्टरांनी पेन उचललं. "ठीक आहे. जड उचलू नका, पट्टा दुसऱ्याला बांधायला सांगा. महिनाभर विश्रांती, मग हळूहळू सुरू करा. ड्रमला हरकत नाही. फुंकायचं वाद्य असतं, तर आजपासून कायमचं बंद म्हणालो असतो. सनई, क्लॅरोनेट, तसलं काही. पुढच्या लग्नातच आटोपलं असतं."

ते लिहू लागले. आबांनी सदऱ्याची बटणं लावायला घेतली. खालून वर, शांतपणे. त्यांना हवं ते मिळालं होतं. गोळ्या मिळाल्या होत्या आणि बंदी पांडबाच्या नावावरही आली नव्हती.

डॉक्टरांचं अर्धं पान भरलं.

"क्लॅरोनेट," मी म्हटलं.

डॉक्टरांनी वर बघितलं. "काय?"

"ते क्लॅरोनेट वाजवतात. बावीस वर्षं."

डॉक्टरांनी केसपेपर बघितला, मग आबांकडं बघितलं, मग माझ्याकडं. "ही कोण?"

"शेजारची हाय," आबा म्हणाले.

 कागदावर ते पांडुरंग आवळे होते आणि पांडुरंग आवळ्याला मुलगी नव्हती.

"खरं बोलतेय का ती?"

आबांचा हात वरच्या बटणापाशी होता. बाहेर कुणीतरी स्ट्रेचर ढकलत नेलं, त्याचं एक चाक कुरकुरत होतं, ते पार जिन्यापर्यंत ऐकू येत गेलं. डॉक्टर थांबले होते. मीही थांबले होते. 

"व्हय," आबा म्हणाले.

डॉक्टरांनी अर्धं पान खोडलं आणि खाली एकच ओळ लिहिली.

येताना जीपमध्ये आबा खिडकीशी बसले. पांडबानं त्यांच्यासाठी जागा सोडली होती. घरी आल्यावर आबांनी आईला सांगितलं, पांडबाचं जरा नाजूक हाय, त्याच्याकडं बघाय लागणार, म्हणून मी आता वाजवत न्हाई. आईनं बरं म्हटलं. गावालाही तेच सांगितलं, आणि गाव म्हणालं, मास्तरांनी दोस्तासाठी वाजवणं सोडलं. पांडबानं ते सगळं ऐकून घेतलं. तानीला मात्र त्यानं त्याच रात्री खरं सांगितलं होतं आणि तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही. पुढं दर पंधरा दिवसांनी पांडुरंग आवळे मिरजेला जात राहिले, गोळ्या खात राहिले. बँड वर्षभरात मोडला. क्लॅरोनेट आबांनी आष्ट्याच्या एका पोराला देऊन टाकलं. कधी दिलं ते आम्हाला कळलंही नाही.

माझ्याशी ते चांगलं वागले. शिकवलं, पुण्याला पाठवलं, मी सुट्टीला आले की स्टँडवर घ्यायला यायचे. त्या खोलीतल्या गोष्टीबद्दल ते कधी बोलले नाहीत, मीही नाही.

सहा वर्षांनी माझं लग्न ठरलं. मांडवात मामानं विचारलं, "मास्तर, वरातीला कुठला बँड?"

"बँड नको," आबा म्हणाले. "टेप लावा."

हातगाडीवर टेप लावली. भर दुपारी आमची वरात वेशीपासून निघाली, मधला चढ चढून देवळापर्यंत गेली. आबा सगळ्यांच्या पुढं होते. सबंध वाट ते चालले, कुठंही बसले नाहीत, आणि त्यांना दम लागला नाही.